अडीच इंचांचा हिशेब

माझा देवावर जेवढा विश्वास आहे, त्यापेक्षा थोडा जास्तच एक्सेलवर आहे. म्हणजे होता, गेल्या महिन्यापर्यंत.

गोव्याची ट्रिप? एक्सेल. बहिणीच्या लग्नातला आहेर? एक्सेल. नवरा म्हणतो, तू भांडलीस तरी आधी कॉलम पाडशील. त्यामुळे बाबांनी आमच्याकडे कायमचं राहायला यायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं असेल? करेक्ट. नवी शीट उघडली आणि तिला नाव दिलं, 'बाबा शिफ्टिंग'.

आई जाऊन वर्ष झालं होतं. साताऱ्याच्या घरात बाबा एकटेच. सहा महिने फोनवर मनधरणी केल्यावर एकदाचे 'हो' म्हणाले. आमचा ठाण्यातला वन बीएचके, हॉलमधली एक भिंत बाबांची, असं ठरलं. त्या भिंतीला त्यांच्यासाठी दिवाण करून घ्यायचा. बाबांची मागणी एकच होती. तीही त्यांनी अशी मागितली, की जणू माझ्याकडून उसने पैसे मागतायत. "अगं, बाकी काही नको. ते कपाट तेवढं आणू का?"

ते कपाट म्हणजे आजोबांनी करून घेतलेलं सागवानी, काचेच्या दारांचं. खालच्या दोन फळ्यांवर बाबांची पुस्तकं, वरच्या दोन फळ्यांवर आईचे दिवाळी अंक. आई होती तोवर त्या वरच्या फळ्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती, आणि ती गेल्यावर कुणी लावला नाही.

"बाबा, आधी मोजून सांगा," मी म्हटलं. मॅनेजर आहे ना मी, डेटाशिवाय डिसिजन नाही. बाबांनी टेप लावून सांगितलं, "रुंदी तीन फूट साडेचार इंच." मी शीटमध्ये टाकलं ३.४५. दिवाणाची लांबी सहा फूट तीन इंच, टाकलं ६.३. भिंत मी स्वतः मोजली होती, नऊ फूट दहा इंच. टाकलं ९.१०. एंटर.

बेरीज आली ९.७५. भिंत फक्त ९.१. सेल लाल झाला, कारण मी तसं फॉरमॅटिंग लावलं होतं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. दिवाण लहान करून पाहिला. पण ९.१ मधून कपाट वजा केलं की उरत होते ५.६५. एवढ्याशा दिवाणावर बाबांचे पाय रात्रभर बाहेर राहिले असते. मग मी फोन केला. "बाबा, नाही बसत हो. खूपच जास्त होतंय. अर्ध्या फुटाच्या वर."

"बरं," बाबा म्हणाले. "बघतो मग कुणाला हवं असेल तर."

बापाचं 'बरं' ज्यांनी कधी ऐकलंय, त्यांना पुढचं सांगायला नको.

सुतारकाका येतात

गुरुवारी दिवाणाचं माप घ्यायला सुतारकाका आले. चिपळूणकडचे, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. भिंतीला टेप लावला आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, "ताई, इथं काय ठेवणार?"

"काही नाही काका. कपाट ठेवायचं होतं, पण बसत नाही."

"केवढं आहे?"

"तीन फूट साडेचार इंच."

काकांनी भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. कॅल्क्युलेटर नाही, कागद नाही. "भिंत नऊ-दहा. दिवाण सव्वासहा. राहिले तीन-सात. त्यातनं कपाट गेलं तीन-साडेचार. अडीच इंच उरतात की."

मी म्हटलं, "शक्यच नाही." लॅपटॉप आणला. काकांना शीट दाखवली. काकांनी स्क्रीनकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "हे नऊ-एक काय आहे?"

तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली.

बिंदूचा लोचा

मी ९.१० टाकलं होतं. एक्सेलला शेवटचं शून्य निरुपयोगी वाटलं, त्यानं ते गिळून टाकलं. राहिलं ९.१. आणि नऊ पूर्णांक एक दशांश फूट म्हणजे नऊ फूट दहा इंच नव्हेच. ते होतात नऊ फूट आणि जेमतेम सव्वा इंच. एका बिंदूपायी माझ्या हॉलची भिंत पावणेनऊ इंच आखडली होती.

चूक एक्सेलची नाही. दशांश चिन्हाच्या उजवीकडे फक्त दशांश-शतांश राहतात. तिथं इंच राहत नाहीत. फुटाचे भाग बारा. म्हणजे नऊ फूट दहा इंच हे खरं तर काय आहे? नऊ पूर्णांक दहा छेद बारा. शाळेत ज्याला आपण पूर्णांकयुक्त अपूर्णांक म्हणायचो, तेच. सहावीत पाठ केलं, दहावीनंतर विसरलो आणि पस्तिशीत तेच हॉलच्या भिंतीवर येऊन बसलं.

आता हसू नका, कारण हा लोचा तुम्हीही रोज करता. तीन उदाहरणं देते.

एक, टाइमशीट. एक तास पंचेचाळीस मिनिटं काम केलं की आपण बिनधास्त १.४५ लिहितो. तासाचे भाग साठ. पंचेचाळीस छेद साठ म्हणजे पाऊण. लिहायला हवं १.७५. पावणेदोन तास काम करून तुम्ही दीड तासाहून कमी दाखवलंत, आणि वर अप्रेझलला रडता.

दोन, क्रिकेट. स्कोअरबोर्डवर १९.४ ओव्हर असतं, तिथला बिंदू हा बिंदूच नव्हे. ओव्हरचे चेंडू सहा. एकोणीस पूर्णांक चार छेद सहा, म्हणजे १९.६७ च्या आसपास. एखाद्या टीमनं १९.४ ओव्हरमध्ये १७६ केले आणि तुम्ही १७६ भागिले १९.४ केलंत, तर रनरेट येईल ९.०७. खरा रनरेट आहे ८.९५. नेट रनरेटवर सेमीफायनल ठरते तेव्हा एवढ्या फरकात टीम घरी जाते.

तीन, उंची. मॅट्रिमोनी प्रोफाइलवर ५.११ लिहिणाऱ्या तमाम वरांनो, कॅल्क्युलेटरच्या लेखी तुम्ही ५.८ लिहिणाऱ्यापेक्षा बुटके आहात.

मग करायचं काय? सोपं आहे. तुकडा आधी दशांशात आणायचा. दहा भागिले बारा, अधिक नऊ. उत्तर ९.८३३३. तीन भागिले बारा, अधिक सहा, ६.२५. साडेचार भागिले बारा, अधिक तीन, ३.३७५. आता वजाबाकी करा. उरतात ०.२०८३ फूट. हे 'शून्य पूर्णांक काहीतरी' सुतारकाकांना सांगितलंत तर ते तुम्हाला हाकलतील. त्याला बारानं गुणा, २.५. अडीच इंच. काकांनी छताकडे बघून सांगितले तेवढेच.

दोन कॅल्क्युलेटर, दोन उत्तरं

त्या रात्री मला झोप येईना. मी घरातले सगळे कॅल्क्युलेटर गोळा केले. नवऱ्याच्या दुकानातला मोठ्या बटणांचा, माझा मोबाइल, लॅपटॉपवरचा आणि ड्रॉवरमध्ये पडलेला कॉलेजचा सायंटिफिक. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. पावणेतीन, म्हणजे दोन पूर्णांक तीन छेद चार. जसं वाचतो तसं दाबलं : दोन, अधिक, तीन, भागिले, चार, बरोबर.

मोबाइल म्हणाला, २.७५. शाब्बास.

दुकानातला म्हणाला, १.२५.

लॅपटॉपवरचा, स्टँडर्ड मोडमध्ये, तोही म्हणाला १.२५. सायंटिफिक मोडवर टाकला तर लगेच २.७५. एकच मशीन, एकच प्रश्न, फक्त मोड बदलला.

त्याचं असं आहे. साधा कॅल्क्युलेटर म्हणजे आज्ञाधारक शिपाई. जे आधी सांगाल ते आधी करणार. दोन अधिक तीन? झाले पाच. भागिले चार? घ्या सव्वा. सायंटिफिक आणि मोबाइलवाले जरा शिकलेले. आधी भागाकार-गुणाकार, मग बेरीज-वजाबाकी, हा शाळेतला नियम ते पाळतात.

आता खरी गंमत. मला आठवलं, शाळेत बाईंनी एक युक्ती शिकवली होती. छेदानं पूर्णांकाला गुणा, अंश मिळवा, आणि छेद तसाच ठेवा. दोन चोक आठ, आठ आणि तीन अकरा, अकरा छेद चार. मी तेच बटणांवर दाबलं : दोन, गुणिले, चार, अधिक, तीन, भागिले, चार. दुकानातल्या शिपायानं बरोब्बर २.७५ दिलं! आणि शिकलेला मोबाइल? ८.७५. कारण त्यानं तीन भागिले चार आधी केलं आणि ते आठात मिळवलं. म्हणजे एकाला जी वाट बरोबर, ती दुसऱ्याला खड्ड्यात नेणारी.

दोघांनाही चालेल अशी वाट एकच, आणि ती मी पोस्ट-इटवर लिहून मॉनिटरला चिकटवलीय. तुकडा आधी, पूर्णांक नंतर. तीन, भागिले, चार, अधिक, दोन. कुठल्याही कॅल्क्युलेटरवर २.७५. बॉसच्या केबिनमध्ये, बँकेत, हार्डवेअरच्या दुकानात, कुठेही.

आणि दोन असे आकडे गुणायचे असले तर? समजा साडेसात फूट बाय पावणेपाच फुटांचा गालिचा. साध्या कॅल्क्युलेटरवर एक भागिले दोन अधिक सात, मग 'एम प्लस' दाबा. साडेसात मेमरीत गेले. आता तीन भागिले चार अधिक चार, गुणिले, 'एम आर', बरोबर. ३५.६२५ चौरस फूट. ज्या बटणाला आयुष्यात कधी हात लावला नाही ते बटण यासाठीच असतं. फक्त सुरू करायच्या आधी मेमरी रिकामी आहे ना ते बघा, नाहीतर मागच्या आठवड्यातलं किराण्याचं बिल गालिच्यात मिसळेल.

कॉलेजच्या सायंटिफिकवर तर याची खास सोय होती आणि तीन वर्षांत मी ती एकदाही वापरली नव्हती. कॅसिओच्या एफएक्स ८२ एमएससारख्या मॉडेलवर 'ए बी बाय सी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं बटण असतं. दोन, ते बटण, तीन, ते बटण, चार, बरोबर. स्क्रीनवर मध्ये छोटे कोपरे काढून दोन-तीन-चार दिसतात. ते पावणेतीन. मग शिफ्ट दाबून तेच बटण दाबा, त्याचं अकरा-चार होतं. नुसतं दाबा, २.७५ होतं. नंतरच्या ईएस मॉडेलवर तर वहीत लिहितो तसा आडवी रेघ मारलेला अपूर्णांक दिसतो. शिफ्टबरोबर ते बटण दाबलं की पूर्णांकासाठी डावीकडे वेगळा चौकोन उघडतो.

आणि हो, आमच्या लाडक्या एक्सेलचं राहिलंच. सेलमध्ये पाऊण लिहायचा म्हणून ३/४ टाकलंत की त्याची तारीख होते. आपल्याकडच्या सेटिंगला ३ एप्रिल. एक्सेलला प्रेमानं सांगायचं, की बाबा रे, हा आकडा आहे : आधी शून्य, मग स्पेस, मग ३/४. पावणेतीन हवे असतील तर २, स्पेस, ३/४. निमूट घेतो. उत्तर २.७५ म्हणून लक्षात ठेवतो आणि तुम्हाला अपूर्णांकात दाखवतो. फूट-इंचांसाठीही हेच. ९, स्पेस, १०/१२ एवढं टाकलं असतं तर माझा सेल लाल झालाच नसता.

इम्प्रॉपर कुणाला म्हणता?

अकरा छेद चार या अपूर्णांकाला इंग्रजीत 'इम्प्रॉपर' म्हणतात. म्हणजे अयोग्य, बेशिस्त, घरी आणायच्या लायकीचा नाही असा. आपली मराठी जास्त समंजस. ती नुसतं म्हणते 'अंशाधिक'. अंश छेदापेक्षा जास्त आहे, बस. त्याच्या चारित्र्यावर शिंतोडे नाहीत.

आणि हिशेब करताना हा अंशाधिकच जास्त कामाचा. पावणेतीन गुणिले सव्वा करायचं असेल तर अकरा छेद चार गुणिले पाच छेद चार, झाले पंचावन्न छेद सोळा. काम संपलं. पण बोलताना 'पंचावन्न छेद सोळा फूट कापड द्या' म्हणालात तर दुकानदार शटर ओढेल. बोलायला तीन पूर्णांक सात छेद सोळा. म्हणजे साडेतीनला थोडं कमी. हिशेबाचे कपडे वेगळे आणि घराबाहेर पडायचे वेगळे. कॅल्क्युलेटरवरचं ते शिफ्टचं बटण म्हणजे कपडे बदलायची खोली.

दशांशानं मात्र सगळीच कामं होत नाहीत. चाळीस इंचांत तीन सारखे कप्पे पाडायचे तर एक कप्पा तेरा पूर्णांक एक छेद तीन. दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर एक भागिले तीन करा, मग त्याला तीननं गुणा. उत्तर एक यायला हवं. येतं ०.९९९९९९९. तो शेवटचा कण कुठे गेला, ते मशीनलाही माहीत नाही. अपूर्णांकाच्या बटणावर तेच केलं की एक येतो, अख्खा.

सुतारकाका तर दशांशाच्या वाटेलाच जात नाहीत. त्यांच्याकडे इंचाच्या खाली 'सूत' आहे. आठ सुतांचा एक इंच. दोन सूत म्हणजे पाव, चार सूत म्हणजे अर्धा. लोखंडवाल्याकडे गेलात तर दहा मिलिमीटरच्या सळईला अजून 'तीन सूत' म्हणतात. तुमच्या कॅल्क्युलेटरनं २.३७ इंच असं उत्तर दिलं तर बिंदूनंतरचा भाग आठनं गुणा. २.९६, म्हणजे तीन सूत. 'दोन इंच तीन सूत' म्हणा. काका पहिल्यांदा तुमच्याकडे आदरानं बघतील.

पावणेनऊ म्हणजे किती?

आता जरा सिरियस. आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे. हुशार, इंग्लिश मीडियम, घरी मराठी. त्याला होम लोन घ्यायचं होतं. बँकेतल्या बाईंनी दर सांगितला, पावणेनऊ टक्के. यानं ईएमआय कॅल्क्युलेटरवर टाकलं ९.७५. "नऊ आहे, पाऊण आहे, म्हणजे नऊ पॉइंट सेव्हन फाइव्ह." तीस लाख, वीस वर्षं. ईएमआय आला साधारण २८,४५५. बिचारा दोन दिवस तोंड पाडून बसला होता, फ्लॅट सोडायच्या विचारात. पावणेनऊ म्हणजे ८.७५, हे कळल्यावर ईएमआय झाला साधारण २६,५१०. महिन्याला साडेएकोणीसशेचा फरक, तोही एका शब्दाचा अर्थ न कळल्यामुळे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर साडेसहावरून सव्वासहावर आणला, तेव्हा मराठीत बातमी आली 'पाव टक्का कपात'. साडे, सव्वा, पाव, सगळं एका बातमीत. हे शब्द कळत नसतील तर मराठी पेपरच नव्हे, आपलाच ईएमआय वाचता येणार नाही.

फोनवर हे बाबांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. आणि मग शाळेतल्या बाकावर गेले. बाबांच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करायला लागायची. होय, चक्क अपूर्णांकांचे पाढे. पावकी म्हणजे पावाचा पाढा, दिडकी म्हणजे दीडाचा. औटकी साडेतीनाची. 'औट' म्हणजे साडेतीन हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं! मी परीक्षा घ्यायची म्हणून विचारलं, "साडेतीन गुणिले सात?" वाक्य संपायच्या आत उत्तर आलं, "साडेचोवीस." मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. मी अजून 'इज इक्वल टू'पर्यंत पोचायचे होते.

त्या काळात ते लागायचंच. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे आणे सोळा आणि आण्याचे पैसे चार. सगळा बाजार पाव, अर्धा, पाऊण, सव्वा असाच चालायचा. नाणी बदलली तरी शाळा लगेच बदलल्या नाहीत, म्हणून साठच्या दशकात शाळेत गेलेल्या बाबांनाही मास्तरांचा मार खात औटकी म्हणावी लागली. 'चार आणे' म्हणजे पाव रुपया, हे जिभेवर मात्र राहिलं. खुद्द ते पंचवीस पैशांचं नाणंही ३० जून २०११ ला चलनातून गेलं.

बाबांनी आणखी एक सांगितलं, ते मला भारी आवडलं. सव्वा कुठून आला? 'सपाद'वरून. पावासकट. साडे आला 'सार्ध'वरून, अर्ध्यासकट. आणि पाऊण, पावणे? 'पादोन'. पाव कमी. म्हणजे पावणेनऊ हा नुसता आकडा नाही, ती सूचना आहे : नऊ घ्या, पाव काढा. कॅल्क्युलेटरवर तीन भागिले चार अधिक आठ असे पाच खटके मारण्याऐवजी नऊ वजा ०.२५ करा. आपल्या पणज्यांनी बटणं शब्दातच बसवून ठेवली होती. आपण मात्र मराठीत 'साडेदोन' म्हणायला लागलोय. अडीच आणि दीड हे दोघे तर आपल्या हातून निसटायच्याच बेतात आहेत.

थोडक्यात फंडा

• फूट-इंच, तास-मिनिटं, ओव्हर-चेंडू यांच्यामध्ये दशांश चिन्ह टाकू नका. अनुक्रमे बारा, साठ आणि सहानं भागा, मग पूर्णांक मिळवा.

• कुठलाही कॅल्क्युलेटर असो, तुकडा आधी, पूर्णांक नंतर.

• नवा कॅल्क्युलेटर हातात आला की आधी दोन अधिक तीन भागिले चार करून बघा. १.२५ आलं तर शिपाई, २.७५ आलं तर शिकलेला.

• एक्सेलमध्ये नुसता अपूर्णांक लिहिताना आधी शून्य आणि स्पेस. नाहीतर तारीख मिळेल.

• मोठा निर्णय घ्यायच्या आधी एकदा कागदावर किंवा छताकडे बघून अंदाज घ्या. नऊ-दहामधून सव्वासहा गेले तर साधारण साडेतीन उरणारच. कुठलाही सेल लाल होवो.

तर, कपाटाचं काय झालं?

सुतारकाका गेल्या गेल्या मी फोन लावला होता. रिंग वाजत होती आणि माझ्या पोटात गोळा.

"बाबा, कपाट दिलंत का कुणाला?"

"उद्या येणारेत ना न्यायला. इथल्याच वाचनालयाला देतोय. अंकही त्यांनाच देतो म्हटलं, तिच्या नावानं राहतील."

"नका देऊ. बसतंय. अडीच इंच उरतात."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग बाबा म्हणाले, "कुणी मोजलं?"

"सुतारकाकांनी."

"मग बरोबर असेल," बाबा म्हणाले. माझ्या एमबीएचा एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता, आणि एवढा गोडही कधी लागला नव्हता.

कपाट आलं. टेम्पोवाल्यानं एक कोपरा घासवला, पण बसलं. दिवाण, मग कपाट, वरच्या दोन फळ्यांवर दिवाळी अंक, आई लावायची त्याच क्रमानं. वाचनालयाची माणसं येणार म्हणून बाबांनी ते दोरीनं बांधून ठेवले होते. त्या दोऱ्या सोडताना माझे हात थरथरले, हे फक्त तुम्हाला सांगतेय. एका गिळलेल्या शून्यानं काय नेलं असतं, ते मला त्या दोऱ्यांनी दाखवलं.

आणि उरलेले अडीच इंच? पहिल्याच संध्याकाळी बाबांनी हॉलभर नजर फिरवली, आपली लांब दांड्याची काळी छत्री उचलली आणि कपाट आणि चौकटीच्या मधल्या फटीत सरकवली. अगदी मापात.

"बघ," म्हणाले, "जागा होती की."